भिंतीने किती सरकावं

रोज सकाळी चहाचं पाणी उकळायला लागलं की ताई फळीवरून साखरेचा डबा काढायची, झाकण उघडायची आणि डबा ओट्यावर ठकठक आपटायची. मग वाकून, एक डोळा बारीक करून, साखर किती खाली बसली ते बघायची. एवढं झाल्याशिवाय चमचा आत जायचा नाही.

धाकट्या भावाची बायको लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिले काही दिवस तिची समजूत झाली की नणंदबाई आपल्यावरचा राग डब्यावर काढताहेत. शेवटी तिने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "माझं काही चुकलं का?"

धाकटा हसत सुटला. "अगं, राग कसला? नोकरी आहे ती तिची."

खोटं नव्हतं ते. ताई बंदराच्या बांधकाम खात्यात अभियंता होती. जहाजं ज्या धक्क्याला लागतात त्याची भिंत आणि त्या भिंतीमागची जमीन भूकंपात टिकेल अशी आखणं, हे तिचं काम. धाकटा त्याच बंदरात क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये बसून जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि धक्क्यावर ठेवायचे. आई होती तोवर शेजाऱ्यांना सांगायची, "माझ्या दोन्ही पोरांचा जमिनीवर भरवसा नाही. एक वर जाऊन बसलाय आणि एक खाली खणत बसलीय."

लहानपणी धाकटा कपाटावर, खिडकीच्या गजांवर, जिथे चढता येईल तिथे चढायचा. म्हणून ताई त्याला 'माकडा' म्हणायची. त्याचे केस पिकले, त्याची मुलगी शिकायला परगावी गेली, तरी ताईचं 'माकडा' काही सुटलं नाही. बंदरावर कुणी ऐकलं तर फजिती होईल म्हणून तो तिला फाटकापाशीच सांगायचा, "आत गेल्यावर मी तुला ओळखत नाही हं."

"बरं झालं," ताई म्हणायची. "मलाही तुझी शिफारस करायला नको."

डब्याची गोष्ट तिने वहिनीला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितली होती. बंदराची जमीन ही खरी जमीन नाही. समुद्राच्या तळातली वाळू उपसून, भिंतीच्या आत ओतून ती तयार केलेली आहे. अशी वाळू सैल असते आणि तिच्या पोटात पाणी असतं. भूकंपाने ती हलली की कण एकमेकांवरून सुटतात आणि अख्खी जमीन भिजवलेल्या पिठासारखी पातळ होते. मग तिच्या रेट्याने भिंत समुद्राकडे झुकते. "म्हणून भूकंपाने हलवायच्या आधी आपणच हलवून घ्यायचं," ताई म्हणाली. "लांबलचक थरथरता दांडा वाळूत खुपसायचा. डबा ठोकतो तसंच. जे बसायचंय ते आधीच बसून जातं."

"आणि ओट्याची फरशी?" वहिनीने विचारलं. "ती फुटली म्हणजे?"

"बंदर उभं करते मी. तुझी एक फरशी नाही बसवून देणार?"

नव्या धक्क्याचं काम निघालं तेव्हा भिंतीचा आराखडा ताईकडे आला. मोठमोठ्या काँक्रीटच्या पेट्या पाण्यावर तरंगत आणायच्या, ओळीने बुडवायच्या, वाळूने भरायच्या, तीच भिंत. या आराखड्यात ताईने एक गोष्ट अशी केली की खात्यात महिनाभर विनोद चालले. मोठा भूकंप झाला तर ही भिंत वीतभर समुद्राकडे सरकेल, आणि तेवढं सरकणं आम्हाला चालेल, असं तिने नकाशावर चक्क लिहून टाकलं.

"बाईंनी भिंतीची रजा मंजूर केली," कुणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून ती भिंतवाल्या बाई झाली.

ताईला त्याचं काही वाटलं नाही. अजिबात हलणार नाही अशी भिंत बांधायची तर ती डोंगराएवढी होते. त्यापेक्षा तिने किती सरकावं हे आपण ठरवावं, आणि तेवढं सरकून ती उभी राहील असं बघावं. घरी जेवताना धाकट्याला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि पुढचा घास घेतला. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. नव्या धक्क्यासाठी नवी क्रेन येणार होती, आणि ती चालवायला पहिलं नाव त्याचं लागलं होतं. जुन्या क्रेनच्या केबिनमध्ये पायांमधल्या काचेतून दिवसभर खाली वाकून बघून त्याच्या मानेचं आणि कमरेचं पार लाकूड झालं होतं. नवीत खुर्ची मागेपुढे होणार होती. आणि थंड हवा! तो बायकोला त्या केबिनचं वर्णन असं करायचा की ती एकदा म्हणाली, "मग तिथेच राहायला जाऊ या का आपण?"

भिंत उभी राहिली. मागची वाळू ठोकून बसवून झाली. क्रेनचे रूळही पडले. आणि एका रविवारी धाकटा पडदा लावायला चढला.

बैठकीच्या खोलीतली खिडकी रुंद होती आणि घरात शिडी नव्हती. त्याने दोन स्टुलं शेजारी शेजारी मांडली आणि एकेका स्टुलावर एकेक पाय ठेवून उभा राहिला. एक स्टूल नुसत्या फरशीवर होतं. दुसऱ्याखाली पायपुसणं होतं, ते कुणी बघितलंच नाही. त्याने पडद्याचा दांडा अडकवायला जोर लावला, पायपुसणं फरशीवरून सरकलं आणि त्याच्यासकट स्टूलही. आडवं पडलं नाही, उभंच्या उभं सरकत गेलं. धाकट्याचा एक पाय जागेवर राहिला, दुसरा लांब गेला, विजार मधोमध टरकली आणि तो खिडकीच्या गजांना लोंबकळत ओरडला, "अगं धरा कुणीतरी!"

बायको हसून हसून जमिनीवर बसली. ताईनेच पुढे होऊन त्याच्या पायाखाली स्टूल सरकवलं. तीही हसत होती. मग तिचं हसणं मध्येच थांबलं.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"काय पुन्हा करू? उरलेली विजार फाडू?"

"स्टूल पडलं नाही," ताई म्हणाली. तिची नजर पायपुसण्यावर होती. "दोन्ही स्टुलं उभीच आहेत. आणि पडलास तू."

"पडलो नाही, लोंबकळलो," धाकटा म्हणाला. पण ताई ऐकत नव्हती. तिने खाली बसून दोन स्टुलांमधलं अंतर वितीने मोजलं आणि विचारलं, "नव्या क्रेनचे पुढचे पाय कुठे येतात?"

"पुढच्या रुळावर. भिंतीवर."

"आणि मागचे?"

"मागच्या रुळावर. तूच तर आखलेस ते, मला काय विचारतेस?"

ताई उठली आणि गच्चीत जाऊन उभी राहिली. चहा निवला तरी आली नाही.

तिची चूक साधी होती, आणि त्या खात्यात बसणाऱ्या माणसाच्याच हातून होण्यासारखी होती. तिथे वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता: रुळाच्या खालचं ते बांधकाम खात्याचं, रुळाच्या वरचं ते यंत्र खात्याचं. म्हणून बांधकामाच्या नकाशावर क्रेन कुणी काढायचंच नाही. क्रेनच्या जागी रुळांवर खाली टोक केलेले दोन बाण काढायचे, की इथे इतकं वजन येईल. ताईनेही तेच केलं होतं. पुढचा बाण भिंतीवर होता. मागचा बाण वेगळ्या खांबांवर, जे खोल खडकापर्यंत नेले होते आणि जागचे हलणार नव्हते. भिंत वीतभर सरकली तर भिंतीचं काहीच बिघडणार नव्हतं. पण पुढचा रूळ भिंतीबरोबर जाणार होता, मागचा जागेवर राहणार होता, आणि त्या दोन्हींवर पाय रोवून उभी असलेली क्रेन फाकणार होती. त्या बाणांच्या वर, नकाशात नव्हतंच अशा जागी, तिचा भाऊ बसणार होता.

पुढचं धाकट्याला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही ताईकडून, काही तिच्या खात्यातल्या साहेबांच्या शिपायाकडून.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आराखडा मंजूर आहे. भिंत तुमच्या आकड्यांप्रमाणे बरोबर आहे. रुळाच्या वरचं आपलं नाही."

"रूळ एकच आहे, साहेब. त्यांनी वरून बघितला, आपण खालून."

"आता काय करायचं म्हणता?"

"फरसबंदी उखडायची. मागचा रूळ खांबांवर नुसता टेकवायचा आणि दोन्ही रूळ जमिनीखालून आडव्या तुळयांनी एकमेकांना बांधायचे. सरकले तर दोघं बरोबर सरकतील."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नवा धक्का सुरू होण्याची तारीख जाहीर झाली होती. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मला बाण दिसत होते," ताई म्हणाली.

तिने एक नवा नकाशा बरोबर नेला होता. त्यावर तिने, तिच्या अखत्यारीत नसताना, पुरी क्रेन काढली होती: पाय, जिना, केबिन, आणि केबिनमध्ये काडीसारखा एक माणूस. साहेबांनी त्या माणसावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"ज्याची पाळी असेल तो."

यंत्र खात्याने हिशेब करून बघितला आणि वीतभर फाकलं तर पाय टिकणार नाहीत असं कळवलं, तेव्हा फरसबंदी उखडायचा हुकूम निघाला. नव्या धक्क्याची तारीख पुढे गेली आणि पुढेच जात राहिली. नवी क्रेन जहाजातून उतरून, ताडपत्रीत गुंडाळलेली, कोपऱ्यात पडून राहिली. आणि उपाहारगृहात धाकट्याच्या टेबलाशी कुणी बसेनासं झालं.

नव्या धक्क्यावर कितीतरी जणांची बढती अडकली होती. कामगारांचा मुकादम तर दिसेल तिथे विचारायचा, "काय, ताईचे लाडके? भूकंप कधी येतोय? आम्हाला आधी सांगा, म्हणजे अंघोळ करून येतो." सगळे हसायचे. धाकटाही हसल्यासारखं करायचा. एक दिवस मात्र तो घरी आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "इथे शेवटचा भूकंप कधी झाला होता, माहीत आहे? आजोबा लहान होते तेव्हा!"

"म्हणून तर," ताई म्हणाली.

"म्हणून तर काय? सगळे म्हणतात, भावाला सांभाळायला बाईने अख्खा धक्का उखडला. तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस मला."

ताई भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. "तुझ्यासाठी करायचं असतं तर सोपं होतं. तुला सांगितलं असतं, नवी क्रेन घेऊ नकोस. तू चिडला असतास, दोन दिवस जेवला नसतास, आणि जुनीवरच राहिला असतास. पण मग त्या केबिनमध्ये दुसरं कुणीतरी बसलं असतं. त्यालाही कुणी बहीण असेल."

धाकटा तशाच चपला पायात ठेवून रागाने परत बाहेर पडला. त्या दिवसापासून त्याने ताईशी बोलणं टाकलं. एकाच टेबलाशी बसून तो बायकोला सांगायचा, "तिला म्हणावं, मीठ इकडे दे." आणि ताई म्हणायची, "त्याला म्हणावं, कोपरापाशीच आहे." सकाळी डबा मात्र रोज ओट्यावर आपटायचा, आणि धाकटा अंथरुणातच कूस बदलायचा. शेवटी एकदा बायकोने दोघांच्या मध्ये मिठाची बरणी दाणकन आदळली. "मी पोस्टमन नाही! आजपासून ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने मागावं, नाहीतर अळणी खावं."

दोघांनी अळणी खाल्लं. तिसऱ्या घासाला धाकटा म्हणाला, "ताई, मीठ."

तो विषय तिथे मिटला असं म्हणता येणार नाही. तो बाजूला सरकवला गेला, एवढंच. तुळया बसल्या, फरसबंदी पुन्हा झाली, धाकटा नव्या केबिनमध्ये जाऊन बसला. पहिल्या दिवशी ताई धक्क्यावर आली होती. तिने खालून वर बघितलं, हात केला नाही. संध्याकाळी घरी तिने त्याला एकच गोष्ट बजावली. "कधी हललं, तर जिन्याकडे धावू नकोस. हातातला कंटेनर खाली टेकव आणि बसून राहा. जिना सगळ्यात जास्त झुलतो."

"आणि क्रेन?"

"क्रेनचं मी बघितलंय."

पुढच्या बदल्यांमध्ये ताईला शहराच्या गटारांच्या कामावर पाठवलं. शिक्षा नव्हती, कागदावर तरी नव्हती. बंदराचा विषय घरात निघाला की ती म्हणायची, "पाणी तेच आहे रे, वास तेवढा वेगळा." निवृत्त होईपर्यंत ती गटारंच आखत राहिली. तिच्या भिंतीपाशी जायला तिला आता पास काढावा लागला असता, आणि तिने तो कधी काढला नाही. धाकट्याच्या मनात मात्र एक खडा राहिला होता. ताईचं खरं असेल, नसेल. भूकंप न येताच तोही निवृत्त झाला असता, तर ते कधी कळलंच नसतं.

भूकंप आला तो एका दुपारी, उन्हं उतरायला लागली होती तेव्हा.

धाकट्याच्या क्रेनच्या दोरांना एक कंटेनर लटकत होता. आधी त्याला वाटलं, आपल्याला चक्कर येतेय. मग खालच्या काचेतून त्याला धक्का दिसला, आणि धक्क्याच्या कडेला पाणी उलटसुलट उसळताना दिसलं. खुर्ची एका बाजूला गेली, थांबली, परत आली. सगळं अंग जिन्याकडे ओढ घेत होतं. दार हाताशीच होतं. त्याने दांडी पुढे ढकलली, कंटेनर झुलत झुलत खाली नेला, तो टेकल्याचा दणका पायांना जाणवला, आणि मग त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. वर लोखंड कण्हत होतं. क्रेन डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पण जाताना सबंध गेली. पुढचे पाय आणि मागचे पाय एकमेकांना सोडत नव्हते. दोन स्टुलांची ती रविवारची सकाळ त्याला इतकी लख्ख आठवली की त्याने नकळत गुडघे जुळवून घेतले.

मग थांबलं.

तो खाली उतरला. जुन्या धक्क्यावर फरशा उचकटल्या होत्या आणि भेगांमधून करडं पाणी नि वाळू बुडबुडत बाहेर येत होती. नव्या धक्क्यावर जमीन कोरडी होती. भिंत आणि फरसबंदी यांच्यामध्ये एक फट पडली होती, दोन बोटं आत जातील एवढी. धाकट्याने वाकून बोटं घालून बघितली.

मुकादम मागे येऊन उभा राहिला. "हादरा बारीक होता," तो म्हणाला. "एवढ्याने काही झालं नसतं. तुळया नसत्या तरी."

"नसतं झालं कदाचित," धाकटा म्हणाला. भांडायची त्याला गरज वाटली नाही. मुकादमानेही वाकून त्या फटीत बोटं घातली, काढली, आणि विजारीला पुसली.

फोन बंद पडले होते, म्हणून धाकटा चालत घरी आला. दार सताड उघडं होतं. बायको त्याला बघून रडायलाच लागली, आणि रडता रडताच तक्रार करू लागली. "ताईंनी गॅस बंद केला, मला टेबलाखाली कोंबलं, आणि स्वतः काय केलं विचार! साखरेचा डबा पोटाशी धरून बसल्या!"

ताई खरोखरच भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, डबा मांडीवर. गुडघे दुखत असल्यामुळे तिला उठता येत नव्हतं. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "रुळांमधलं अंतर?"

"अहो ताई, आधी त्याला पाणी तरी पिऊ द्या!"

"तेवढंच आहे," धाकटा म्हणाला. "भिंत दोन बोटं गेली. मागचा रूळ तिच्याबरोबर."

"दोन बोटं," ताई म्हणाली. "मी वीतभर दिली होती." तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते धाकट्याला नीट वाचता आलं नाही. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. मुकादम काय म्हणाला ते त्याने सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर असेल त्याचं. बारीकच होता हादरा." आणि डब्याचं झाकण काढून त्याच्यापुढे धरलं. "हे बघ, आज न ठोकता बसली."

मग मात्र धाकट्याला हुंदका आला. त्याने तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि ती डबा सांडू नये म्हणून एका हाताने तो धरून, दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

त्यानंतर ताई फार दिवस राहिली नाही. छातीत कफ भरायचा, मग अंथरूण धरलं. दवाखान्यात नको म्हणाली, तर घरीच तिच्या खोलीत सगळं केलं. सकाळचा चहा आता वहिनी करायची, आणि डबा ठोकायची. नाही ठोकला तर आतून खोकला ऐकू यायचा.

एका संध्याकाळी ताईच्या खोलीतला दिवा गेला. तिला निजल्या निजल्या वाचायला लागायचं, म्हणून धाकटा कामावरून आल्या आल्या नवा दिवा घेऊन आत गेला. एक स्टूल पलंगाशी होतंच. हात पोहोचेना, म्हणून त्याने बाहेरून दुसरं आणून शेजारी ठेवलं आणि एक पाय त्याच्यावर टाकला. ताईचे डोळे मिटलेले होते. तो मान वर करून दिवा फिरवत होता, तेवढ्यात खालून आवाज आला.

"माकडा, दोन्ही पाय एकाच स्टुलावर ठेव."